गुण आला का?

आजारी माणसाला औषध सांगायला कुणाची जीभ झिजत नाही. माझ्या दारात आलेला प्रत्येक जण एक तरी औषध सांगून गेलाय, आणि मी मुकाट्यानं ते केलंय. गुळवेलीचा काढा प्यायले, तोंड दिवसभर कडू. कोरफडीचा गर लावला, अंथरुणाला मुंग्या लागल्या. हळदीचं दूध तर इतकं प्यायले की सून म्हणाली, "आई, आता तुम्ही पिवळ्या दिसायला लागलात." दिसत असेन. गोरी मी कधी होते?

मला नागीण झाली दिवाळीच्या सुमाराला. डाव्या अंगाला, पाठीच्या मणक्यापासून निघाली ती बरगडीवरून पुढे छातीखाली आली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून माझी नणंद प्रमिला धावत आली आणि तिनं पुढच्या बाजूला कावेची लाल रेघ ओढली, नागिणीनं ओलांडू नये म्हणून. फोड सुकले, खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. कसली सुटतेय! फोड गेले आणि दुखणं मागे राहिलं. चुलीतलं जळतं लाकूड कुणी बरगडीला लावून धरावं, तसं ते दुखतं. वरून कातडीला काही म्हणजे काही सोसत नाही. ब्लाउज टेकला तरी जीव जातो, म्हणून घरात मी आमच्या ह्यांचे जुने सदरे घालते. हे गेले, पण त्यांचे सदरे धुऊन धुऊन मऊ झालेत, तेवढाच त्यांचा उपयोग.

डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वेळ लागेल. रात्रीची गोळी दिली. तिनं दुखणं जरा दबतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पेंगते. किती वेळ लागेल, असं विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मग हे डॉक्टर झाले कशाला?

माझी सून रोहिणी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. गुणाची आहे, पण फोनवर वाचून औषधं आणते. एकदा मलम घेऊन आली. म्हटलं, कशाचं गं? म्हणाली, "मिरचीचं."

"अगो बाय! आगरी मसाला काय कमी होता घरात?"

"आई, त्यानं नस सुन्न होते. नंतर हात साबणानं धुवायचा, विसरू नका."

मी लावलं, आणि त्याच हातानं डोळे पुसले. संध्याकाळभर नळाखाली तोंड धरून बसले होते. रोगापेक्षा इलाज भयंकर, ते असं.

पण ह्या सगळ्यांत खरी चिकाटी प्रमिलाची. ती माझ्यापेक्षा लहान, दोन गल्ल्या सोडून एकटीच राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिचं म्हणणं असं की नागीण गेली पण शेपूट आत राहिली, आणि ती बाहेर ओढायला निरगुडीचा पाला पाहिजे. आता निरगुडी राहिलीय कुठे? सगळीकडे कंपाउंड आणि कंटेनर. कोन गावाच्या बाजूला एका गोदामाच्या कुंपणाला लागून एक झुडूप आहे, तिथपर्यंत ही उन्हातून चालत जायची. पाला आणायचा, पाट्यावर वाटायचा, तव्यावर कोमट करायचा आणि माझ्या बरगडीवर थापायचा. लेप लवकर सुकावा म्हणून पंखा पाचावर करायचा.

पंख्याचा वारा मला सुरीसारखा लागायचा. पण घामानं डबडबलेलं तिचं तोंड माझ्यासमोर असायचं आणि ती विचारायची, "वहिनी, गुण आला का?"

काय सांगायचं होतं मी? म्हणायचे, "आला गं, थोडा."

सगळ्यांना हेच सांगायचे मी. काढेवाल्याला आला, मलमवालीला आला, घ्या आणि जा आपापल्या घरी. कुणाशी वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. पण प्रमिलाच्या तोंडी माझ्या थोड्याचं अर्धं झालं आणि गावात पोचेपर्यंत सगळं. चंद्रावतीची नागीण प्रमिलाच्या पाल्यानं गेली! बायका तिच्या दारात यायला लागल्या. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. नवरा गेल्यावर जिला हळदीकुंकवालासुद्धा कुणी बोलवत नव्हतं, तिच्या ओट्यावर चपला दिसायला लागल्या. नवीन साडी नेसून ती पाला वाटायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझ्या खोट्यानं कुणाचं तरी भलं होतंय, तर होऊ दे.

मग रंभा आली.

रंभा आमच्या शेजारची, सुकी मासळी विकते. त्या दिवशी प्रमिला माझ्या स्वयंपाकघरात पाला कोमट करत होती, म्हणून ती तिला शोधत माझ्याकडेच आली. पदर कपाळावरून ओढलेला. तिनं तो बाजूला केला. कपाळाच्या एका बाजूला फोडच फोड, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा, आणि त्या बाजूचा डोळा सुजून लाल झालेला.

"काकी, नागीण हाय," ती म्हणाली. "डॉक्टरनी गोळ्या दिल्यात आणि आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. पण म्हटलं, पयले प्रमिलाताईचा पाला लावू. तुमाला गोळ्यांनी नाय, पाल्यानंच गुण आला ना?"

तिनं पिशवीतनं गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

प्रमिला तवा घेऊन बाहेर आली. "झोप इथं," ती रंभाला म्हणाली. "पापणीवरच थापते, म्हणजे डोळ्यातली आग ओढून घेईल." आणि हिरवा लगदा तिनं बोटांवर घेतलासुद्धा.

"प्रमिला, थांब," मी म्हणाले. "डोळ्याला नको लावूस."

"का? तुमाला लावला तेवा चालला?"

"मला बरगडीला लावलास. हा डोळा हाय. हिला आधी डॉक्टरकडे जाऊ दे."

रंभा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. प्रमिलाचं तोंड लाल झालं. "वहिनी, तुमीच सांगा हिच्यासमोर. माझ्या पाल्यानं तुमाला गुण आला का नाय?"

मी त्या डोळ्याकडे बघितलं. त्यातून सारखं पाणी गळत होतं. डोळाच गेला तर ही बाई बाजारात बसणार कशी? आणि मग प्रमिलाकडे बघितलं. नवीन साडी, हातात तवा. देवा, ह्या दोघींना एकाच दिवशी माझ्याच घरात यायचं होतं का?

"नाय आला," मी म्हणाले. "पाल्यानं नाय, काढ्यानं नाय, मलमानं नाय. कशानंच आला नाय. आजपण मला दुखतंय."

"मंग इतके महिने..."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणत होते."

प्रमिलानं तवा जमिनीवर ठेवला. बोटांचा पाला पुसला, तोही नवीन साडीला. "मी काय गवत थापत होते तुमच्या अंगाला?" एवढं म्हणाली आणि गेली.

माझा मुलगा दीपेश कामावर, रोहिणी ऑफिसात. मी सदऱ्यावर साडी गुंडाळली आणि रंभाला घेऊन रिक्षात बसले. पनवेलपर्यंतचा रस्ता कसा आहे तो सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला माझी बरगडी पेटत होती. डावा हात अंगापासून लांब धरून मी बसले होते आणि रिक्षावाला आरशातून बघत होता की ही म्हातारी उडायच्या बेतात आहे की काय. रंभा रडत होती. म्हटलं, रडू नकोस, डोळ्याला चांगलं नाही. खरं म्हणजे मलाच रडायचं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासलं, थेंब घातले, आणि आधीच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा म्हणाल्या. नागिणीचा त्रास डोळ्याच्या बुबुळापर्यंत पोचला होता. "आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आणखी उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं. डोळ्यावर काही लावलं नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले.

रंभाचा डोळा वाचला. थोडं धूसर दिसतं म्हणते, पण सुट्टे पैसे बरोबर मोजते, तेव्हा फार काही बिघडलं नसावं. गावभर मात्र झालं की पाल्यात काही दम नाही, चंद्रावती स्वतःच म्हणाली. प्रमिलाच्या ओट्यावरच्या चपला गेल्या. ती माझ्याकडे यायची बंद झाली. मी दीपेशला पाठवलं, तर त्याला चहा पाजला आणि माझं नावसुद्धा काढलं नाही.

दुपार झाली की मी दाराकडे बघत पडायचे. पाल्याची आठवण मला कशाला येईल? तिची यायची. रोहिणीनं नवीन तेल आणलं, लवंगेचं. म्हटलं, ठेव तिकडे, मी दमले गं आता. तिनं जास्त काही विचारलं नाही.

आणि मग एक दिवस, ऊन कलायच्या आत, प्रमिला आली. हातात पिशवी नव्हती, काही नव्हतं. दारातच उभी राहिली.

"पाला नाय आणला," ती म्हणाली.

"बरं केलंस."

"झुडूपच तोडलंय. भिंत बांधतात तिथं."

"बस."

तिनं सवयीनं पंखा पाचावर केला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. तिचे हात मांडीवर नुसतेच पडले होते. इतके दिवस त्या हातांना काम होतं, आता काय करायचं ते त्यांनाही कळत नसावं.

"वहिनी," ती म्हणाली.

आता ती विचारणार. "आला गं, थोडा" माझ्या जिभेवर तयारच होतं, इतकी सवय.

"लय दुखतं का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरनी कुठे दुखतं ते विचारलं, बाकी सगळ्यांनी गुण आला का ते विचारलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ह्या वेळी मिरची नव्हती.

"दुखतं गं," मी म्हणाले. "लय दुखतं. वारा लागला तरी दुखतं."

प्रमिलानं वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता.

"ह्याचापण?"

"ह्याचापण."

"पयल्यापासून?"

मी मान हलवली. ती उठली, पंखा बंद केला आणि परत येऊन बसली, आणि त्या उकाड्यात आम्ही दोघी घाम पुसत तशाच बसून राहिलो.