चिंतामणरावांचा पिंड

संन्यास घ्यायचा तर माणसाला आधी स्वतःचं श्राद्ध घालावं लागतं, हे चिंतामणराव आगाशांना पाठ होतं. बायकोची संमतीही लागते, हेही पाठ होतं, आणि त्यांची सगळी भिस्त या दुसऱ्या अटीवर होती.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते आल्यागेल्याला धरून भिक्षूंच्या गोष्टी ऐकवत. पावसाळ्यात पायांखाली कोंब नि किडे चिरडू नयेत म्हणून बुद्धाचे भिक्षू एका जागी थांबले आणि त्या थांबण्यातूनच पुढे विहार उभे राहिले, हे सांगताना तर त्यांना तहानभुकेचं भान राहत नसे. एकदा नेमक्या त्याच जागी त्यांच्या बायकोने, हेमाताईंनी, जांभई दिली. झालं. चिंतामणरावांचं डोकं फिरलं.

"मी संन्यास घेतोय," ते म्हणाले.

"घ्या की. माझी संमती हवी ना? दिली. जरा बाजूस व्हा, फणसाची साटं वाळत घालत्ये."

आता माघार कुठल्या तोंडाने घ्यायची? हेमा रडेल, निदान रुसेल, म्हणून ते वाट बघत राहिले. तिने उलट गुणगुणत त्यांची दोन धोतरं गेरूत बुडवून अंगणात वाळत घातली. शेजारीपाजारी भगवी धोतरं बघून अभिनंदनाला येऊ लागले.

शेवटी मुहूर्त उजाडला. भिकाजी गुरुजींनी जन्मभर मयतांचे दहावे-बारावेच केलेले. संन्यासाच्या विधीत कावळ्याचं काही काम नसतं, पण पिंड झाला की त्यांचे पाय सवयीने अंगणाच्या कडेला वळले. "आता कावळा शिवला की तुम्ही सुटलात," ते म्हणाले.

मिरकरवाडा बंदरातल्या मासळीवर पोसलेला कावळा भाताला कशाला येतोय, असं वाटून चिंतामणरावांना धीर आला. तेवढ्यात एक कावळा उतरलाच. त्यांनी उपरणं झटकलं, कावळा उडाला. दुसरा आला, तेव्हा ते मोठ्याने खोकले.

गुरुजी हवालदिल झाले. "काय इच्छा राहिल्ये? एरवी आम्हांला अंदाज बांधावा लागतो. आज मयत समोरच बसलंय, तर सांगून टाका."

"काही नाही," चिंतामणराव म्हणाले. तिसरा कावळा पिंडाकडे उड्या मारत निघाला, तशी त्यांनी बोटातली दर्भाची अंगठी काढून त्याला फेकून मारली.

"अहो, कावळे तुम्हीच हाकलताय," हेमाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चिंतामणरावांचा तुळतुळीत गोटा लाल झाला. "एकदा तरी म्हणायचंस, जाऊ नका म्हणून."

"म्हटलं असतं तर हट्टाने गेला असतात. इतकी वर्षं ओळखत्ये तुम्हांला." एवढं बोलून मात्र हेमाताईंनी डोळ्यांना पदर लावला. तो बघून चिंतामणरावांना असा आनंद झाला की ते भर श्राद्धात फसकन हसले.

गुरुजी घाम पुसत म्हणाले, "पण श्राद्ध झालंय हो. मेलेला माणूस परत घरात घ्यायचा मंत्र मला येत नाही."

"मला येतो," हेमाताई म्हणाल्या. "हातपाय धुवा, पान वाढत्ये."

चिंतामणराव सगळ्यांच्या आधी पाटावर जाऊन बसले.