पेराया का खाया?

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर तेच लिहिते. कच्चा माल. बाजारपेठ. स्वस्त मजूर. युरोपातल्या देशांनी वसाहती का केल्या, याचं परीक्षेपुरतं उत्तर एवढंच. मुलं घोकतात, मी पुढच्या धड्याकडे वळते. यंदा एप्रिलच्या उजळणीला चंदना उभी राहिली. दाभोसा गावची मुलगी, एरवी हजेरीलाही नीट आवाज काढत नाही.

“बाई, त्या गोऱ्यांना आपली भाषा येत नव्हती ना? मग त्यांचं बोलणं लोकांना कोण सांगायचं?”

“दुभाषे असायचे. इथलेच.”

“त्यांना काय मिळायचं?”

मला राग आला. मुलीचा नव्हताच तो, पण ओरडले तिच्यावरच. “परीक्षेला येणार नाही ते. खाली बस.” मागच्या टेबलावर चार नवे सूक्ष्मदर्शक होते, त्यांच्यावर एका बियाणे कंपनीच्या नावाच्या हिरव्या चिठ्ठ्या. चंदना बसली. मी दुपारची रजा टाकून जव्हारहून जीप पकडली, कारण त्याच कंपनीची तीन वाजता आमच्या पाड्यावर बैठक होती आणि कागद वाचून दाखवायला मला बोलावलं होतं.

आमचा पाडा साखरशेतच्या पलीकडे, डोंगरउतारावर. तीस घरं. माझी आई, काळी, तिथं एकटी राहते. तिच्या चुलीवर, धुरात, पेंढ्यात आवळून बांधलेला मुडा टांगलेला असतो. त्यात काळसाळीचं बी. काळसाळ म्हणजे काळ्या टरफलाचं हळवं भात; कमी पाण्यात येतं आणि भादव्यातच कापणीला येतं. भादव्यात आमच्याकडे जुनं धान्य संपलेलं असतं आणि बाकीचं भात अजून हिरवं असतं. त्या दिवसांत चूल पेटते की नाही, हे या एका बियावर ठरतं. आई लग्नानंतर काही वर्षं वावर गावी होती. ब्याण्णवच्या सालात माझी मोठी बहीण, दीड वर्षाची, भुकेनं तिच्या मांडीवर गेली. मी नंतरची. आई माहेरी परत आली, कुठून तरी हे बी मिळवलं आणि तेव्हापासून मागेल त्याला देते. अखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मीही माझा वाटा घेऊन मोखाड्याला जाते. माझ्या नवऱ्याचा, धनेशचा, तिथं उतारावर शेताचा तुकडा आहे.

द्यायची एक रीत आहे. मागणाऱ्याला एकच विचारायचं, पेराया का खाया? खायला हवं असेल तर कणगीतलं घालायचं, मोजायचं नाही. पेरायला हवं असेल तर मुडा सोडायचा. पेरणाऱ्यानं पुढच्या वर्षी सूपभर नवं बी परत आणायचं आणि आणखी कुणी मागितलं तर त्यालाही द्यायचं. जो पेरणार नाही आणि खाणारही नाही, त्याला दाणा मिळत नाही. देवाची शपथ घेऊन खोटं बोलणारे मी पाहिलेत. या प्रश्नाला मात्र आमच्याकडे कुणी खोटं उत्तर देत नाही.

मी दिलं. गेल्या वर्षी.

कंपनीचे केळुसकर साहेब तेव्हा पहिल्यांदा आले होते. माणूस वाईट नाही, हेच तर अवघड आहे. चपला बाहेर काढून आत आले, जमिनीवर बसले, नाचणीची भाकर मागून खाल्ली. मला ‘मॅडम’ म्हणाले. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही हे ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि त्यांनी तिथंच फोन लावला. मी फुलून गेले. मग त्यांनी काळसाळीचं बी मागितलं आणि आईनं आमच्या बोलीत विचारलं, “पेराया का खाया?”

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला.

“दोन्ही नाही,” ते हसून म्हणाले. “सांगा त्यांना, आम्ही ते थंड खोलीत ठेवू. तपासू, नोंद करू.”

मी आईकडे वळले आणि म्हणाले, “पेराया.”

आईनं मुडा सोडला. तिनं त्यांच्या पिशवीत दोन सुपं भरली आणि पिशवीला हात लावून कपाळाला लावला. महिन्याभरात शाळेत सूक्ष्मदर्शक आले.

आता मी पोहोचले तेव्हा समाजमंदिरात सगळा पाडा बसला होता. रोपांच्या जागेवर राब भाजत होते, त्या जाळाचा वास आतपर्यंत येत होता. पुढच्या टेबलावर चकचकीत पुड्या मांडल्या होत्या. पुडीवर काळं कणीस, खाली नाव, ‘कृष्णरत्न’. आईनं एक पुडी उचलली, फोडली, दाणे तळहातावर घेऊन नखानं टरफल काढलं आणि एक दाणा चावला. मग ती खाली बसली. दाणा काळसाळीचाच होता, मलाही ओळखू आला.

“चला मॅडम,” केळुसकर म्हणाले. “आपल्या भाषेत सांगा सगळ्यांना.”

मी वाचायला लागले. कंपनी बी देणार. खत देणार. सगळं पीक कंपनीच उचलणार. माना हलत होत्या. पाड्याचे कारभारी नवसूदादा पुढेच बसले होते, शाईची डबी उघडून. सहावं कलम झालं आणि सातव्यावर माझी जीभ अडकली. पिकातलं बी शेतकरी राखून ठेवणार नाही. या वाणाचं, वा त्याच्यासारखं दिसणारं कुठलंही बी कुणाला देणार नाही, कुणाकडून घेणार नाही.

केळुसकर माझ्या कानाशी वाकले. “ते नुसतं कायद्याचं आहे. सोडून द्या. लोक उगाच घाबरतात.” मग तितक्याच हळू म्हणाले, “संगणकांचं पण बोललोय मी वरती. जूनपर्यंत येतील.”

सोडलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. एक ओळ गाळायची, आठव्यावर जायचं. शाळेत संगणक आले असते, सगळ्यांनी मला शाबासकी दिली असती आणि आईच्या चुलीवरचा मुडा त्या दिवसापासून गुन्हा ठरला असता. चंदनाचा प्रश्न डोक्यातून जाईना. काय मिळायचं त्यांना? मला ठाऊक होतं काय मिळायचं. त्यावर हिरव्या चिठ्ठ्या असायच्या.

मी सातवं कलम वाचलं. मोठ्यानं, आमच्या बोलीत, दोनदा.

माना हलायच्या थांबल्या. मागून मंगळीनं विचारलं, “म्हंजे काळीकडं बी मागाया जायचा नाय?”

“नाही.”

“आन् काळीनं दिला तं?”

“तर तिच्यावर केस.”

नवसूदादांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं. केळुसकर उठले, हात जोडून म्हणाले, कुणीही कुणावर केस करणार नाही, बाईंनी जरा जास्तच… त्यांचं बोलणं तिथंच राहिलं, कारण आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली होती. तिच्या हातात रिकामं सूप होतं. घरून निघतानाच तिनं ते बरोबर आणलं होतं. मी ते आत्ता पाहिलं.

“गुदस्ता तू बी नेलास,” ती म्हणाली. “आता माझा सूप भरून दे.”

साहेबांनी टेबलावरच्या चार पुड्या उचलून सुपात ठेवल्या. आईनं त्या एकेक करून परत टेबलावर ठेवल्या.

“ह्या नको. तू पेरलास त्यातला दे.”

“आजी, आम्ही पेरत नाही हो. आम्ही कंपनी आहोत. पेरायचं तुम्हीच.”

“मंग खाल्लास?”

“नाही.”

“पेरला नाय, खाल्ला नाय. मंग नेलास कशाला?”

इतिहासाची मी अकरा वर्षं शिक्षिका आहे. हा प्रश्न मला फळ्यावर कधी लिहिता आला नव्हता. केळुसकर गोंधळून माझ्याकडे बघत होते, मागच्या वर्षी बघत होते तसेच. आईही माझ्याकडे वळली.

“कविता, तू बोललीस पेराया.”

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. मला रडू फुटलं. “आये, ते पेराया बोललेच नव्हते. मी खोटं सांगितलं.”

शेजारच्या सकूमावशीनं तोंडाला पदर लावला. आई सूप काखेत घालून बाहेर पडली.

चार घरांनी तरीही सही केली. त्यांची पोरं भिवंडीला गोदामात असतात, शेताला हात कमी, आणि कंपनी पीक बांधावरून उचलणार होती. मी त्यांना बोल लावणार नाही, मला तोंड कुठं आहे? बाकीचे उठून आईच्या मागोमाग तिच्या अंगणात गेले. केळुसकर गाडीशी थांबून एवढंच म्हणाले, “मॅडम, वाणाची नोंदणी तर कंपनीच्या नावावर झालीच आहे.” म्हणजे नेलेलं परत येणार नव्हतं, हे मलाही कळलं.

अंगणात आईनं मुडा खाली काढला होता. एकेक जण पुढं येई, ती विचारी, तो सांगे, ती ओंजळीनं घाली. नवसूदादा. मंगळी. सकूमावशी. मी सगळ्यांत शेवटी उभी राहिले आणि पदर पसरला.

आईनं वर पाहिलं. सगळ्यांना विचारलं तसंच, त्याच आवाजात मलाही विचारलं. “पेराया का खाया?”

“पेराया.”

“गुदस्ता पण हाच बोललीस.”

तिनं मुडा आवळला, गाठ मारली आणि आत गेली. परत आली ती कणगीतलं भात घेऊन. माझा पदर तिनं काठोकाठ भरला. मोजलं नाही.

“खा,” ती म्हणाली. “उपाशी नको ऱ्हाऊ.”