माप कुणाचं घ्यायचं?

गोत्रीच्या सुभानरावांचं लिव्हर निकामी झालं. घरातल्याच कुणीतरी आपल्या लिव्हरचा भाग द्यावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि लगेच ठरलं: अवंती देईल. ठरलं कसलं, दुसरं नाव कुणी काढलंच नाही! अवंती त्यांची लेक, डभोईला दिलेली, तिथं शिवणकामाचं दुकान चालवणारी. थोरला दिग्विजय कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला. तो घरचा कर्ता. कर्त्याच्या पोटाला सुरी कोण लावणार?

तपासणीला तिला गाडीतून दिग्विजयच घेऊन आला. आपण बाबांसाठी केवढं करतोय, असंही त्याला मनातून वाटत होतं.

डॉक्टर मितालीबेननी स्कॅनची चित्रं समोर धरली. "लिव्हर सगळीकडे सारखं नसतं. म्हणून प्रत्येक भाग केवढा आहे ते मोजतो, आणि तो काम किती करतो तेही. वडिलांना उजवा भाग द्यावा लागेल. अवंतीबेनकडे उरेल तो डावा मुळात लहान, त्यात कामही कमी करतो. यांच्या जिवाला धोका आहे."

"थोडी रिस्क घेता येणार नाही का, मॅडम?" दिग्विजय बोलून गेला.

अरेरे! सख्खी बहीण शेजारच्याच खुर्चीत होती. मान खाली घालून ती म्हणाली, "घ्या मॅडम. दादा म्हणतोय तर चालेल मला."

डॉक्टरांनी चित्रं बाजूला ठेवली. "आणि दादाचं माप कधी घेतलं?"

"माझं? मी कमावता माणूस. दोन महिने पडून राहिलो तर घर कसं चालेल?"

"यांचं दुकान काय आपोआप चालतं? दिग्विजयभाई, इथं आया, बायका, बहिणी मुकाट स्कॅनच्या मशीनमध्ये जाऊन झोपतात आणि धडधाकट पुरुष बाहेर बसून राहतात. यांचा जीव तुमच्यापेक्षा स्वस्त, हे ठरवलं कुणी?"

कुणी ठरवलं? त्यानंच तर! बहिणीकडे बघायची त्याला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं माप घ्या," तो कसाबसा म्हणाला. "आजच."

त्याच्या उजव्या भागात चरबी निघाली; ती कमी झाल्याशिवाय तो भाग देता येणार नव्हता. सुभानराव तग धरून होते, तोवर त्यानं गोड-तळलेलं सोडलं, रोज चालला. पुन्हा मोजल्यावर डॉक्टरांनी होकार दिला, आणि ऑपरेशन नीट पार पडलं.

घरी शेजारीपाजारी भेटायला आले. आई, इंदिराबाई, कौतुकानं सांगत होत्या, "माझ्या वाघानं बापाला जीवदान दिलं!"

"आई, सगळं सांग ना," दिग्विजय पडल्या पडल्या म्हणाला. "आधी मी अवंतीचा जीव पणाला लावायला निघालो होतो. तिच्यादेखत. डॉक्टरांनी विचारलं नसतं, तर मी गप्पच राहिलो असतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. इंदिराबाईंनी शेजारी बसलेल्या लेकीचा हात धरला.

मंडळी, असा प्रसंग कुणाच्या घरी न येवो. आलाच, तर आई-बहिणीचं नाव घेण्याआधी स्वतःचं नाव घ्या! ती नाही म्हणत नाही, म्हणून तिचा जीव स्वस्त होत नाही.