दिराची चारचाकी

जळकोटच्या सिद्धम्माला दर महिन्याला सरकारचे पैसे यायचे. त्यावर तिचं गुडघ्याचं औषध चालायचं. ते अचानक बंद झाले. तिने विचारलं, तेव्हा अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मालकाच्या नावावर चारचाकी हाय. चारचाकीवाल्याच्या घरात हे पैसे मिळत न्हाईत."

गाडी खरं तर दिराची, रविकिरणची. त्याला कर्ज मिळेना, म्हणून कागद थोरल्या भावाच्या, बसवंतच्या नावाने केलेले. सिद्धम्मा त्या गाडीत कधी बसलीही नव्हती.

घरी येऊन ती म्हणाली, "भावजी, गाडी तुमच्या नावावर करून घ्या."

रविकिरण हसला. "वैनी, एवढ्याशा पैशासाठी रडायलात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर बसवंतने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला. "भावाभावात भांडणं लावती," म्हणत त्याने तिच्या दुखऱ्या गुडघ्यावरच लाथ घातली.

सिद्धम्मा भिंतीला धरून उठली. कोपऱ्यातली पहार घेऊन ती अंगणात गेली आणि तिने गाडीची पुढची काच फोडली, मग दिवे फोडले. रविकिरण आडवा आला, तर पहार त्याच्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं. तो ओरडत खाली बसला. बसवंत उंबऱ्यावरच थबकला.

"या की," ती म्हणाली. "तुमच्याच नावावर हाय."

तो आला नाही. सिद्धम्मा त्याच दिवशी शिरूर अनंतपाळला माहेरी गेली. महिन्याने गाडी विकून बसवंत तिला न्यायला आला. तिने त्याला पाणी दिलं, पण घरात घेतलं नाही.