तीन की आठ

परवाना कचेरीतल्या कारकुनाने खणातून भिंग काढलं, तेव्हाच बाई समजून चुकली की आजचं काम काही सरळ होत नाही.

टेबलावर शेजारी उभ्या नवऱ्याची बंदूक आडवी ठेवलेली. आत गोळी नाही, हे दारावरच्या शिपायाने दोनदा बघून घेतलेलं. शेजारी गोळ्यांचा डबा, परवाना, फोटो आणि विक्रीचा अर्ज दोन प्रतींत. विकत घेणारे, तेही सोबत आलेले, नवऱ्याचेच जुने जोडीदार. बँकेच्या दारावर दोघांनी सत्तावीस वर्षं पहारा केला. मिशी काढून दहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मिशीवालेच म्हणत. त्यांचे कागद अगदी चोख होते.

"परवान्यावर नंबराचा शेवटचा आकडा आठ," कारकून म्हणाला. "बंदुकीवर मला दिसतोय तीन. की आठच? छे! घासून घासून पार गुळगुळीत केलाय की हो!"

"हात आहे का कानस रे तुझा?" मिशीवाले नवऱ्याला म्हणाले. एरवी नवरा खो खो हसला असता.

आकडा कसा झिजला, ते बाईला पक्कं ठाऊक होतं. मुलगी तापाने गेली त्याला वर्ष होत आलं. नवऱ्याने नोकरी सोडली, बोलणं सोडलं आणि एकच उद्योग धरला. जेवण झालं की बंदूक मांडीवर घ्यायची आणि तेलाच्या फडक्याने पुसत बसायचं, तासन् तास. परवा त्याने गोळ्यांचा डबाही शेजारी काढून ठेवला. "हा कशाला?" तिने विचारलं. "असू दे," तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज आणून त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याने न वाचता सही केली.

तेव्हाही तिला रडू आलं नाही. मेलं रडू कुठे गेलं होतं कोण जाणे! तिच्याही आत सगळं बधिर झालेलं. आज सकाळी भाजी चिरताना बोट कापलं, तेसुद्धा पाटावर रक्त दिसलं म्हणून कळलं. चिंधी गुंडाळून ती तशीच निघाली होती.

"कागद तपासणीला पाठवायला लागणार," कारकून म्हणाला. "पंधरा दिवस धरा. तोवर बंदूक घरी न्या."

"नाही नेणार."

"अहो ताई, तुमचीच आहे ना?"

"इथे ठेवून घ्या."

"ही काय धर्मशाळा आहे?" कारकुनाची गाडी सुटली. "कारण काय लिहिलंय तुम्ही? 'आता गरज नाही.' गरज नाही म्हणून ठेवून घेतली, तर उद्या लोक मोडकी कपाटं आणून टाकतील इथे. हां, घरात धोका असेल तर आत्ता घेतो. त्याचा फॉर्म वेगळा. पण धोका कोणाला, कोणाकडून, ते ज्याचा परवाना त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं."

त्याने फॉर्म पुढे सरकवला. वर्षभर ही गोष्ट दोघांनी घरात उच्चारली नव्हती, आणि आता तिच्यासाठी दोन रकाने आखलेले होते.

"चोरांची भीती लिही की," मिशीवाले म्हणाले. "काय बिघडतंय? लिही आणि मोकळा हो."

नवऱ्याने पेन उचललं. नखांत तेलाचा काळेपणा. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, 'मला'. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. आता हा चोर लिहिणार, असं बाईला वाटलं. तसं लिहिलं असतं तरी बंदूक इथेच राहिली असती. पण त्याने सावकाश लिहिलं, 'माझ्याकडून', आणि खाली सही केली.

कारकुनाने वाचलं. त्याने शिक्का मारला, बंदूक आणि डबा लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप ओढून बघितलं.

"पावती जपून ठेवा," एवढंच तो म्हणाला. मिशीवाल्यांनी मान खाली घातली होती.

बाहेर पायऱ्या उतरताना नवरा मध्येच थांबला.

"अगं, बोटाला काय झालं?"

तिने बघितलं. चिंधी लाल झालेली. आणि आत्ता कुठे बोट ठसठसायला लागलं होतं.

"दुखतंय हो," ती म्हणाली आणि पायरीवरच बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.