हयातीचा अंगठा

थांबा, अंगठा नका ठेवू. आज बोलायची पाळी माझी आहे.

मी मुरबाडच्या बाजारपेठेतल्या एका सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन. तळहातावर मावेन एवढा माझा जीव. पोटात लाल दिवा, डोक्यावर बोटभर काच आणि मागे शेपटीसारखी वायर. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरात छापलेलं आहे, पण स्वतःच्या पोटाखालचं कोणाला वाचता येतं? मला आठवतं ते एवढंच, की केंद्र चालवणाऱ्या माधुरीने कल्याणच्या एका दुकानात मनसोक्त घासाघीस करून मला घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि टेबलावर लॅपटॉपला जोडलं. तेव्हापासून रोज सकाळी ती ओढणीने माझी काच पुसते आणि मी कामाला लागतो.

काम सोपं आहे. माणूस समोर येतो, मी त्याच्या बोटावरच्या रेघा बघतो आणि हा तोच की नाही ते सांगतो. नाव, गाव, चेहरा यांच्याशी मला देणंघेणं नाही. मी वशिला मानत नाही. एकदा एका पुढाऱ्याचा भाऊ माझ्यावर चार वेळा डाफरला, मी चारही वेळा नाही म्हटलं. त्याचं बोट वडापावच्या तेलाने माखलेलं होतं.

अंगठ्यांवरून मी माणसं ओळखतो. भाजीवालीचा अंगठा मेथीने हिरवा असतो, शिंप्याचा सुईने टोचलेला. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्यांचा अंगठा मला फार आवडतो. रेघा कशा ठसठशीत, जणू नवी कोरी वस्तू डब्यातून आत्ता काढली. माणसं माझ्यासमोर आली की श्वास रोखतात. कुणी अंगठा केसांवर घासतं, कुणी त्यावर फुंकर मारतं, काही जणी मला हात लावून तो कपाळाला लावतात. मला संकोच वाटतो, पण बरंही वाटतं.

आणि रांगेत उभं राहिलं की प्रत्येक जण देश चालवतो. गॅस महागला त्याला कोण जबाबदार, दिल्लीत कोण टिकणार, कुठल्या योजनेचे पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि कोणाचे वाटेत कुठे अडले, हे सगळं मी रोज ऐकतो. या चर्चेत अनिल रिक्षावाला सर्वांत पुढे. निवडणुकीगणिक त्याच्या गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलतो, आवाज मात्र तोच.

अशाच एका निवडणुकीच्या नोव्हेंबरात देवजीकाका माझ्यासमोर आले.

सिद्धगडाच्या पायथ्याकडचं त्यांचं गाव. मुरबाडच्याच एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मशीनवर काढली, रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी विळा हातात घेतला. नोकरी होती तोवर भातशेती बायकोने, सरस्वतीकाकूंनी, मजूर लावून ओढली होती. आता मजूर परवडेना, म्हणून कापणीपासून झोडणीपर्यंत सगळं काका स्वतः करायचे. फंडाचे पैसे आले तसे गेले. थोडे घराच्या स्लॅबला, थोडे मुलाच्या, प्रणितच्या, लग्नाला. उरलेले प्रणितने मोबाइलवरून शेअर बाजारात गुंतवले होते आणि महिन्यातून एकदा तो बापाला आकडा दाखवायचा. आकडा बहुतेक वेळा लाल असायचा.

"लाँग टर्म बघायचं, बाबा," प्रणित बोलायचा.

"लाँग टर्म म्हंजे किती रे? मी साठीच्या पुढं हाय."

हे काकांनीच रांगेत हसत हसत सांगितलं. पण त्या दिवशी ते आले होते ते पेन्शनसाठी. कारखान्याचं पेन्शन महिन्याला बाराशेच्या आसपास. त्यात एक गॅसची टाकी येते आणि घरातला चहा-साखर निघते. तेवढ्यासाठीसुद्धा माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं आणि त्या सिद्धतेचा मुरबाडमधला मालक मी.

काकांनी टोपी सारखी केली आणि अंगठा ठेवला. मी दिवा लावला, निरखून बघितलं आणि चकित झालो. गेल्या वर्षी ज्या जागी रेघा होत्या, तिथे काहीच धड नव्हतं. विळ्याच्या मुठीने, भाऱ्याच्या बंधाने आणि खरखरीत पेंढ्याने सगळं पुसून नेलं होतं.

"काका, जरा दाबून ठेवा," माधुरी म्हणाली.

दाबला. मग दुसरा अंगठा, मग सगळी बोटं. माझं उत्तर बदललं नाही.

"काय बोलतंय ते?"

"जुळत नाय बोलतंय, काका."

"मंग मी कोन हाय?"

रांग हसली. काकाही हसले, पण मागे उभ्या सरस्वतीकाकू हसल्या नाहीत. मागून अनिल ओरडला, "घाबरू नका काका. ह्या टायमाला दिल्लीत पेन्शन वाढवणार. आमच्या सायबांनी शब्द दिलाय."

"वाढवतील तवा वाढवतील," काका बोलले. "आधी हाय ते चालू ऱ्हाऊ दे."

त्यांची मुदत महिनाअखेरीस संपत होती. हयातीचा दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार होतं. माधुरीने विचारलं, एवढ्याशा पैशाचं एवढं काय, प्रणित बघेल ना महिनाभर. त्यावर काकू हळू आवाजात बोलल्या, "पहिल्या पगारापासून ह्यांनी पैसे आणून माज्या हातावर ठेवले. पेन्शन आलं तरी तसंच ठेवतात. ते थांबलं तर हा मानूस पोराकडं मागनार नाय आनि मलाबी मागू देनार नाय. मी वळखते ना."

मला गंमत वाटली. काकूंनी ओळखलं, एका नजरेत. आणि मी एवढा दिवा लावून बसलो होतो.

माधुरीने उपाय सांगितला. आठवडाभर हाताला काम नको, रात्री खोबरेल लावा, कातडी भरून येईल, मग या. काकूंनी तो उपाय हुकमासारखा घेतला. "ह्यांनी आता खळ्यात पाय ठेवायचा नाय," असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. पुढे काय झालं ते पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः माधुरीला सांगितलं, कपाळावर हात मारून.

काका ओट्यावर बसले. अंगठ्याला तेल, वर फडकं. समोर खळ्यात काकू एकट्या भात झोडताहेत आणि येणारा-जाणारा विचारतोय, काय देवजी, इंचू चावला काय? मतं मागायला एका पक्षाचे लोक आले, त्यांनी फडकं बघून उपचाराच्या योजनेचं पत्रक दिलं. दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी दुसरं पत्रक दिलं. उभ्या जन्मात हा माणूस पहिल्यांदा रिकामा बसला होता. आणि अशा रिकाम्या माणसाच्या हाती न्हाणीतली वजरी लागली. काकू टाचा घासायला वापरतात ती. काकांनी विचार केला, अंगठ्यावर राठ कातडी चढलीय म्हणूनच मशीनला दिसत नाही. मग काय, रोज अंघोळीच्या वेळी मनापासून घासला.

आठवड्याने माझ्यासमोर तो अंगठा आला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या पोराचा आनंद होता.

"आता बघ पोरी. लखलखीत हाय."

लखलखीत होता खरा. गेल्या खेपेला चार-दोन तुटक रेघा तरी होत्या, आता तिथे कोरी पाटी. वर खोबरेल. माझी काच बरबटली, दिवा अंधुक झाला आणि मी नाही म्हणालो. माधुरी हसावं की रडावं अशा अवस्थेत खुर्चीत मागे रेलली.

"काका, वजरीने रेघाच काढून टाकल्यात तुमी."

"मंग पेन्शन गेलं म्हनायचं," काका म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ ती नुसतीच दुमडत, उलगडत राहिले. मला वाईट वाटलं. मशीनला वाईट वाटू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

पुढच्या बुधवारी मतदान झालं. केंद्राला सुट्टी होती.

नंतरच्या रविवारी माधुरी गावोगाव खात्यातले पैसे घरपोच द्यायला निघाली आणि मला पर्समध्ये घालून काकांच्या गावालाही आली. महिना संपत आला होता. काका ओटा सोडून पुन्हा खळ्यात उतरले होते. भाताचा भारा डोक्याच्या वर उचलून ते फळीवर असा आपटत होते, की दाणे पार कुंपणापर्यंत उडत होते.

"काका, शेवटचं एकदा बघू या."

"कशाला? त्या मशीनला मी नको हाय." त्यांनी भारा खाली ठेवला आणि डाव्या हाताचं बोट दाखवलं. त्यावर मतदानाची शाई अजून काळी होती. "ह्या बुधवारी कुनी नाय इचारलं देवजी जिता हाय का मेला. उलट न्यायला गाडी पाठवली. बोट पुढं केलं, शाई लावली, जा बोलले. आनि बाराशे रुपयाला मी मेलेला?"

माधुरीने मला पर्समधून काढलं आणि ओढणीने काच पुसली.

तिने पुन्हा आग्रह केला आणि मी एकेक बोट तपासलं. मनापासून तपासलं, माझ्या बाजूने काही कसर ठेवली नाही. नाहीच जमलं. तेव्हा रविवार म्हणून घरी आलेला प्रणित पुढे आला. एरवी बाजाराचे लाल आकडे दाखवणारा त्याचा नवा मोबाइल त्याने काढला. माधुरीच्या जुन्या फोनवर जे ॲप चालत नव्हतं, ते त्याच्यावर चालत होतं. अंगठा नको, चेहरा बघून दाखला निघतो.

मला माझा प्रतिस्पर्धी असा खळ्यात भेटला.

काकांनी हातपाय धुतले, टोपी घातली, पाटावर ताठ बसले आणि मोबाइलकडे डोळे वटारून पाहू लागले. फोटो काढायचा म्हणजे असंच बसायचं असतं, ही त्यांची पक्की समजूत. मोबाइल काही पुढे जाईना.

"बाबा, डोळे मिचकवा. जिवंत मानूस हाय का फोटो हाय ते बघतो तो."

"पोरीबाळींसमोर डोळे मिचकवू? ह्या वयात?"

माधुरीने तोंडाला ओढणी लावली. खूप विनवण्यांनंतर काकांनी डोळे मिटले ते मिटूनच बसले. मोबाइल रुसला. पुन्हा वटारले, पुन्हा रुसला. काकांच्या कपाळावर घाम आला. प्रणित घड्याळाकडे आणि नेटवर्कच्या रेघांकडे आळीपाळीने बघू लागला.

तेवढ्यात सरस्वतीकाकू हातातलं सूप खाली ठेवून आल्या आणि मुलाच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"अवो, त्या मोबाइलकडं नका बघू. माज्याकडं बघा." काका बघू लागले. "लग्नाच्या फोटूतबी असंच डोळं वटारून बसलेले. फोटूवाला मला हळूच इचारतो, वैनी, भाऊ रागावलेत काय? मी काय बोलले म्हायती हाय?"

"काय बोललीस गो?"

"बोलले, रागावले नाय. घाबरलेत मला."

काका हसले. गालावर सुरकुत्या धावल्या, डोळे बारीक झाले, मिटले, पुन्हा उघडले आणि पुन्हा हसण्याने मिटले. मोबाइलवर हिरवी खूण उमटली. प्रणितने ती सगळ्यांना फिरवून दाखवली. त्या फोनवर हिरवं काही दिसायची ती बऱ्याच दिवसांतली पहिलीच वेळ असावी.

"झालं, काका. आता वर्षभराची चिंता नाही," माधुरी म्हणाली.

"चला, वरीसभर मी जिवंत," काका पाटावरून उठत बोलले.

"वरीसभराचं त्या मोबाइलचं," काकू सूप उचलत बोलल्या. "म्होरचं मी बघते. जेवाया चला आता."

तर अशी माझी हकिकत. आता पेन्शनवाले बहुतेक मोबाइलकडे जातात. माझ्याकडे खात्यातून पैसे काढणारे येतात आणि अधूनमधून सिमकार्डवाले. काचेवर एक चरा पडला आहे. माधुरी नवं मशीन घ्यायचं म्हणते आणि हप्ते मोजून पुन्हा माझीच काच पुसते. मला निवृत्तीचं भय नाही. पेन्शन नाही, तर दाखला तरी कशाला लागणार?

जाता जाता दोन गोष्टी मागतो. वर दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनी एकदा भाताच्या झोडणीला या बाजूला यावं, आठवडाभर भारे आपटावे आणि मग माझ्या काचेवर अंगठा ठेवून बघावा. मी त्यांनाही वशिला लावू देणार नाही.

आणि तुम्ही. दाखल्याला महिना कुठलाही चालतो, तेव्हा चैत्रात या, हात जरा नरम असतात. आधार आणा, पासबुक आणा, मोबाइल चार्ज करून आणा. पण एकटे येऊ नका. ज्यांच्याकडे बघून तुम्हाला हसू येतं, त्यांना बरोबर घेऊन या. माधुरीच्या भिंतीवरच्या कागदपत्रांच्या यादीत ते लिहिलेलं नाही.