जाम मोटारला सप्लाय

मिस्त्रींच्या दुकानात जळक्या व्हार्निशचा वास कायम असे, आणि तो त्यांच्या शर्टाला, केसांना, घरातल्या उशीलासुद्धा चिकटलेला होता. बायको म्हणायची, "तुम्ही आंघोळ करता ती कशाला, पाणी वाया घालवायला?" पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळवंडलेली तार ओढून काढायची, नवी तार भरून मोटार पुन्हा फिरती करायची, हा त्यांचा धंदा. शिकवायला कोणी नव्हतं, सगळं चटके खाऊन शिकलेले. त्यामुळे आपल्याला जे कळतं ते पक्कं कळतं असा त्यांचा समज होता, आणि मोटारींच्या बाबतीत तो खराही होता.

दुकानात आलेली मोटार आधी हाताने फिरवून बघायची, हा त्यांचा नियम. शाफ्ट हलला तर ठीक. नाही हलला, तर आभाळ कोसळलं तरी सप्लाय द्यायचा नाही. जाम मोटारला करंट दिला की ती फिरत तर नाहीच, उलट तापून तापून आतल्या तारेचं चांगलं वायंडिंगही जाळून बसते. धूर निघाल्यावर मोटार घेऊन धावत येणाऱ्या गिऱ्हाइकांची ते अशी खरडपट्टी काढायचे की माणसाने मोटार तिथेच टाकून पळावं. मग बायको आतून यायची, गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची आणि म्हणायची, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांचं बेअरिंग तेवढं बदलायचं राहिलंय."

दुकानाचा फोन तीच घ्यायची. दुकान तिच्या जिभेवर चालतं, असं मिस्त्री स्वतःच चारचौघांत सांगत. मूलबाळ नव्हतं. दोघांनी एकमेकांना चिडवण्यात अर्धं आयुष्य मजेत घालवलं होतं.

ही बाई हळूहळू बोलेनाशी झाली. आधी चेष्टा बंद झाली. मग फोन वाजत राहायला लागला आणि ती त्याच्याकडे बघत बसायला लागली. मग आंघोळ नको, केस विंचरणं नको, कॉटच्या कडेवर तासन्‌तास तशीच. थकली असेल, असं मिस्त्री म्हणाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. हवापालट करा. मन रमवा. रिकामं बसल्यावर हे असंच होतं. मनात आणलं तर आत्ता उठेल. एका निवृत्त साहेबांनी तर माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो, हिने थोडा जास्त वापरला की झालं, असं सांगितलं. ते बहुधा स्वतःच्या अनुभवावरून बोलत असावेत. त्यातल्या एकालाही ही बाई आजारी आहे असं वाटलं नाही.

तिची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली. तिने बहिणीच्या हातात दुधाचा पेला दिला, तर पेला हातातच राहिला. तोंडाकडे गेला नाही, खालीही आला नाही. दूध गार झालं तरी हात तसाच. ते बघून थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी, आजच्या आज हिला मोठ्या दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "मनाच्या डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी बायकोचा हात वर उचलला आणि सोडला. तो हवेत तसाच राहिला.

"हा डिप्रेशनचाच फार जड प्रकार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्यांना वेळ लागतो, आणि अन्नपाणी असं सुटल्यावर आपल्याकडे तेवढा वेळ नाही. याच्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे विजेचा उपचार."

"म्हणजे शॉक?"

"लोक तसं म्हणतात. पण आम्ही पूर्ण भूल देतो, स्नायू सैल पडायचं औषध देतो. करंट अगदी थोडा, काही सेकंद. नंतर काही दिवस विसरायला होतं, ते मी लपवत नाही. पण या बऱ्या होण्याची शक्यता खूप चांगली आहे."

मिस्त्री ताडकन उठून उभे राहिले. "मॅडम, बाकी काहीही शिकवा, करंट काय असतो ते मला शिकवू नका. माझा धंद्यातला जोडीदार माझ्या डोळ्यांदेखत तारेला चिकटून गेला. त्याचे दात एकमेकांवर असे बसले होते की शेवटपर्यंत उघडले नाहीत. आणि तुम्ही डोक्याला लावायचं म्हणताय!"

"तो अपघात होता, काका. हे मोजूनमापून..."

"जाम मोटारला सप्लाय देत नाहीत, मॅडम. आधी ती मोकळी करतात."

डॉक्टरीणबाईंना हे वाक्य कळलं नसावं. त्या पुन्हा शांतपणे सगळं सांगायला लागल्या, पण मिस्त्रींना आता फक्त जोडीदाराचे दात दिसत होते. भूल दिलेल्या माणसाला काय काय होतं ते तो बिचारा सांगणार कसा, हाच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. ते मेहुणीकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. तुमची सख्खी बहीण आहे. तिच्या डोक्यात करंट सोडू देऊ?"

थोरलीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "तुम्ही ठरवाल ते, भाऊजी," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुमची बायको आहे."

मिस्त्रींनी त्याचा अर्थ होकार असाच घेतला. किमान सलाइनसाठी तरी वॉर्डात ठेवा, असं डॉक्टरीणबाई काकुळतीला येऊन सांगत होत्या. पण आपली पाठ फिरली की हे लोक मशीन लावतील, या धास्तीने ते बायकोला गोळ्यांसकट घरी घेऊन आले.

मग त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि बायकोला हाताने मोकळी करायला घेतलं. रोज कोमट तेल घेऊन बसायचे. आधी बोटं, एकेक, मग मनगट, कोपर, गुडघा. जोर लावायचा नाही, गंजलेला शाफ्ट सोडवताना लावत नाहीत तसाच. तोंडाने अखंड बडबड चालू. ज्या विनोदांवर तिने पूर्वी कपाळाला हात लावला होता ते सगळे पुन्हा सांगून झाले. मधूनमधून चमच्याने दूध. दोन चमचे पोटात गेले तर मिस्त्री थोरलीला हाक मारून सांगायचे, जसं काही कोणी परीक्षा पास झालं होतं. इतक्या मायेने कुणी कुणाचं केलेलं त्या गल्लीने पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या मायेचा आजारावर काडीचाही परिणाम होत नव्हता.

एकदा मात्र तिने मान वळवली. त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ हलले. "अहो."

एवढंच. पण मिस्त्री धावत स्वयंपाकघरात गेले. "ताई, हलली! बोलली माझ्याशी! बघा, म्हणत नव्हतो मी? लावला असता करंट तर?" ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. थोरलीही रडायला लागली. आनंदानेच रडतेय, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर ती काही बोलली नाही. दुधाचे चमचे ओठांतून बाहेर यायला लागले. एक पाय सुजला. तेल कमी पडतंय म्हणून मिस्त्रींनी त्याच पायाला जास्त चोळलं. एका दुपारी तिला अचानक धाप लागली, ओठ निळे पडले, आणि दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हालचाल नाही, शरीरात पाणी नाही, त्यामुळे पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "मी म्हटलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं. मिस्त्रींना त्याचाच जास्त त्रास झाला.

माणसं आली, गेली. सगळ्यांनी एकच सांगितलं, तुम्ही काही कमी केलं नाहीत. मिस्त्रींनाही तेवढाच आधार होता. घर रिकामं झाल्यावर थोरली जायला निघाली. बॅग दाराशी ठेवून ती स्वयंपाकघरात आली. मिस्त्री ओट्याला टेकून उभे होते.

"ताई, काही झालं तरी तिचे हाल होऊ दिले नाहीत मी," ते म्हणाले. "तेवढं एक बरं केलं."

थोरलीने तोंडावर पदर दाबला आणि ती खाली फरशीवरच बसली.

"भाऊजी, मला दिले होते ते शॉक."

मिस्त्रींना आधी कळलंच नाही.

"धाकटा झाला त्यानंतर. अशीच झाले होते मी, अगदी अशीच. पेला हातात धरून बसायचे. घरच्यांनी सगळीकडे पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. मला शपथ घातली, माहेरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून. आता मुलीचं जमलंय. तिकडच्यांना कळलं असतं तर वेड्याच्या घरातली म्हणून मोडलं असतं. म्हणून त्या दिवशी... मी रोज ठरवायचे, आज सांगते. ती 'अहो' म्हणाली ना, तेव्हा तर तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात."

नळ थेंबथेंब गळत होता. मिस्त्रींनी तो आवळून बंद केला. त्यांना ओरडायचं होतं, हिला हाताला धरून घराबाहेर काढायचं होतं. पण त्याच्या आधी त्यांना एक गोष्ट विचारायचीच होती, आणि ती विचारायची त्यांना भयंकर भीती वाटत होती. ते हळूच तिच्यासमोर खाली बसले.

"ताई, दुखलं का हो खूप?"

थोरलीने मान हलवली. "नाही हो. झोपले होते मी. उठले की डोकं जड वाटायचं, काही काही आठवायचं नाही. बाकी काहीच नाही." तिने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले. "आणि एके दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मला भूक लागली होती."